अक्षरी : वरीलप्रमाणे

"मॅडम, हा एक हाय का नऊ?"

वैशालीच्या बाबांनी शाळेचा दाखला माझ्या टेबलावर ठेवला. मी सिंदीच्या एका शाळेत क्लार्क आहे. वैशाली आमचीच माजी विद्यार्थिनी. वर्ध्याच्या एका खासगी दवाखान्यात नर्स म्हणून तिचं सिलेक्शन झालं होतं. बाबा सकाळची वांगी बाजारात उतरवून तसेच आले होते.

"एक आहे. काऊन?"

"तिथले साहेब नऊ म्हणून राह्यले. सेंटरवाल्यानं ऑनलाइन फॉर्मात बी नऊच टाकला. बाकीच्या कागदावर एक हाय. सोमवारपर्यंत नक्की तारीख आणा म्हणते, नाई तर वेटिंगवालीले घेतो."

दाखल्यावर १/३ आणि पुढे साल होतं. मराठी एक आणि इंग्रजी नऊ दिसायला सारखेच. कुठला वाचायचा, हे वाचणाऱ्याच्या सवयीवर.

हा घोळ होऊ नये म्हणूनच दाखल्यात जन्मतारखेचे दोन रकाने असतात. 'अंकी' म्हणजे आकड्यांत, 'अक्षरी' म्हणजे शब्दांत. आकडा फसला तर शब्द सांभाळून घेतो. मी अक्षरीचा रकाना पाहिला. तिथे सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'वरीलप्रमाणे'.

अक्षर माझंच होतं. त्या दिवशी दाखल्यांचा ढीग होता आणि मी वेळ वाचवला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी मुख्याध्यापकांकडे गेले. "सर, डुप्लिकेट दाखला द्यावा लागेल. चूक माझी आहे."

"आधी जनरल रजिस्टर काढा. तुमच्या आठवणीवर मी सही करत नाही."

जनरल रजिस्टर म्हणजे प्रवेशाच्या वेळी मुलाची नोंद होते ती जाडजूड वही. दाखला तिच्यावरूनच निघतो. वैशालीची नोंद माझ्या आधीच्या क्लार्कनं केली होती. ते सालसुद्धा शब्दांत लिहायचे. त्यांच्या काटेकोरपणाला आम्ही सगळे हसायचो. पान उघडलं. 'एक मार्च', आणि पुढे अख्खं साल, एकही खाडाखोड नाही. वैशालीच्या बाबांनी त्या ओळीवर बोट ठेवून ती दोनदा वाचली.

दुपारी नवा दाखला झाला. या वेळी महिनासुद्धा अक्षरात लिहिला.

सोमवारी वैशालीचा फोन आला. "मॅडम, झालं! पण ते साहेब जुना दाखला पाहून विचारत होते, वरीलप्रमाणे ही कोणती तारीख?"

ती हसली. मला काही हसू आलं नाही. आता मी अक्षरीचा रकाना आधी भरते, अंकी नंतर.