उलव्याचं पाकीट

बाळ पाच महिन्यांचं झालं होतं. त्याला गुटी द्यावी का, टोपरं किती वेळ घालावं, यावर घरात प्रत्येकाचं मत होतं. मला एवढ्यात दुसरं मूल नको, यावर मात्र कुणी चकार शब्द काढत नव्हतं.

सिझरचे टाके अजून खोकलं की ओढायचे. नोकरीवर नुकतीच परतले होते. गोळ्या मला सोसत नाहीत. लग्नाआधी पाळीसाठी घेतल्या तेव्हा डोकं इतकं धरायचं की उजेड नकोसा व्हायचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हार्मोनचं काहीच नको. कंडोम वापरा, नाहीतर तांबी बसवून घ्या.

"तांबी कशाला? मी आहे ना," नवरा म्हणाला. मी विश्वास ठेवला.

आम्ही राहतो करंजाड्याला, पण नवरा मूळचा इथल्याच पनवेलजवळच्या नेऱ्याचा. पनवेलमध्ये कुठल्याही मेडिकलात शिरा, काउंटरमागे त्याचा मावसभाऊ तरी असतो नाहीतर वहिनीचा भाऊ. म्हणून हा गृहस्थ गाडी काढून थेट उलव्याला जायचा. तिथे सगळेच नवीन, कुणी कुणाला ओळखत नाही. आणलेलं पाकीट तो गाडीतल्याच खणात ठेवायचा, कारण सासूबाई दर शनिवारी नेऱ्याहून येतात आणि आमची कपाटं लावून देतात. म्हणजे पाकीट खाली पार्किंगमध्ये आणि आम्ही पाचव्या मजल्यावर. व्हायचं तेच झालं. एका रात्री पाकीट आणायला खाली जायचा त्याने कंटाळा केला.

"तू अंगावर पाजतेस ना? मग काही होत नाही. आई परवा कुणाला तरी सांगत होती."

बाळ दिवसा वरचं दूध पीत होतं, हे या माणसाला माहीत होतं. डबा तोच आणायचा. पाळी तर अजून आलीच नव्हती, मग ती चुकली हे कळायचं कसं? डॉक्टरीणबाईंनी तीन आठवडे थांबून तपासायला सांगितलं. ते तीन आठवडे मी ऑफिसात बसून नुसती स्वतःवर चिडत होते. एकच रेघ आली, म्हणजे दिवस नव्हते, तेव्हा सुटले म्हणून बाथरूममध्ये रडले. बाहेर येऊन सांगितलं, "शनिवारी मी तांबी बसवून घेणार आहे."

शनिवारी सासूबाई बाळाला धरायला बरोबर आल्या. त्यांना मी फक्त "तपासणी आहे" एवढंच सांगितलं होतं. नवऱ्याने दवाखान्यापाशी गाडी लावली, काचेतून आत पाहिलं आणि जागीच थिजला. काउंटरवर नेऱ्याचीच एक मुलगी बसली होती.

"तुम्ही व्हा पुढे. मी इथेच थांबतो."

वरच्या मजल्यावर सिस्टरने फॉर्म पुढे केला. "मिस्टरांची सही लागेल ताई."

"का? माझ्या पोटात बसवायची आहे ना?"

"तसं नाही, पण आमच्याकडे पद्धत आहे. नंतर घरचे येऊन भांडतात."

मी फोन लावला. "सहीला वर ये."

"तूच कर ना माझी सही. कोण बघतंय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फॉर्म तसाच टाकून घरी जावं, असंही क्षणभर वाटलं. तेवढ्यात बाळाला थोपटत उभ्या असलेल्या सासूबाईंनी विचारलं, "तांबी बसवतेस का?"

आता भांडण होणार म्हणून मी कंबर कसली. "हो."

त्या सिस्टरकडे वळल्या. "घरची मी हाय. मी नाय येनार भांडायला. बसवा." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मना चार पोरा झाली. पायजे का म्हनून एकदा पन कोनी इचारला नाय."

सिस्टरने पेन पुढे केलं. नवऱ्याच्या सहीच्या जागेवर मी काट मारली, खाली माझी सही केली आणि आत गेले. दुखलं, पण दहा मिनिटांत काम झालं.

पोटात कळ येत होती. जिना हळूहळू उतरून गाडीत बसले. नवऱ्याने आरशातून आईकडे बघत अगदी हलक्या आवाजात विचारलं, "झालं? माझ्यामुळे काही अडलं नाही ना?"

समोरचा खण उघडून मी उलव्याचं पाकीट काढलं आणि सासूबाईंच्या देखत त्याच्या मांडीवर ठेवलं.

"नाही अडलं," मी म्हणाले. "पण तू वर यायला हवा होतास."