इनासने काढलेली पाठ

या सदरात लिहिणारे सगळेच सुरुवातीला सांगून टाकतात की आमचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. माझाही नाही. पण माझा अविश्वास विचार करून आलेला नाही, दमणुकीतून आलेला आहे. दिवसभर कामणच्या एका गोडाउनमध्ये सुपरवायझर म्हणून उभं राहायचं, स्कूटरने आचोळ्याला परत यायचं, तीन मजले चढायचे (लिफ्ट आहे, चालू असेलच असं नाही)... त्यानंतर भुताला घाबरायचं तर अंगात काहीतरी शिल्लक असावं लागतं. माझं वय छप्पन्न. गुडघे माझ्याहून मोठे.

आणि हे जे झालं ते भरदिवसा झालं. गेल्या वर्षी दिवाळीनंतरचे चार शुक्रवार, भुईगावात, सकाळी दहा ते बारा. अमावस्या, घुबड, पांढरी साडी यातलं काही नाही. ज्यांना ते हवंय त्यांनी पुढचा अनुभव वाचावा.

आम्ही मूळचे वसईतल्या भुईगावचे. केळी, पानवेल, थोडा मोगरा अशी वाडी. आई गेली आणि बाबांना तिथे एकटं ठेवणं शक्य होईना, म्हणून तीन वर्षांपूर्वी त्यांना आचोळ्याच्या फ्लॅटवर आणलं. तेव्हा ते चौऱ्याऐंशीचे होते. आयुष्यभर उघड्या अंगाने वाडीत राबलेला माणूस, फ्लॅटमध्ये आल्यावर सदऱ्याची सगळी बटणं लावून गॅलरीतल्या खुर्चीत बसला, आणि बसूनच राहिला. येताना सोबत आणलं काय, तर केळीच्या सोपटाची एक जुडी. केळीच्या खोडाच्या साली वाळवून त्यांचे पट्टे काढतात, ते सोपट. वाडीत वेल बांधायचा तर सोपट, पानांची जुडी बांधायची तर सोपट. माझी बायको वर्षा ती जुडी दोनदा कचऱ्यात टाकायला निघाली होती. बाबा त्याने गॅलरीतली तुळस काठीला बांधायचे. तुळस सरळच उभी होती.

आंघोळ मात्र त्यांची त्यांनी करायची. आतून कडी, तासभर पाण्याचा आवाज. मी बाहेरून विचारायचो, येऊ का? आतून उत्तर यायचं, नको. आणि खरं सांगतो, तो नको ऐकून मला बरं वाटायचं. आईचं सगळं वर्षभर केलं होतं, हॉस्पिटलच्या खेपा घातल्या होत्या. पुन्हा तेच सुरू व्हायला नको होतं. दिवाळीच्या सुमारास बाबांच्या खुर्चीजवळ एक वास यायला लागला. त्यावर मी काय केलं? रूम फ्रेशनर आणला. मोगऱ्याचा. ज्या माणसाने पन्नास वर्षं मोगरा लावला त्याच्या नाकाशी मी बाटलीतला मोगरा फुसफुसवत होतो.

आता इनास. इनास माझा शाळेतला मित्र, भुईगावातच राहतो. चित्रकलेचा शिक्षक होता, मुदतीआधीच रिटायर झाला आणि मग त्याला खरी चित्रं काढायची हुक्की आली. त्याच्या घरामागे पूर्वी केळी पिकत घालायची एक खोली होती, ती त्याने स्टुडिओ केली. तो काढतो ती चित्रं तुम्हाला आवडतीलच असं नाही. जाड रंगाचे थर, वेडीवाकडी माणसं, हिरवे गाल, मोडल्यासारखे हात. याला एक्स्प्रेशनिझम म्हणतात असं तो म्हणतो. म्हणजे माणूस दिसतो तसा काढायचा नाही, आतून जसा लागतो तसा काढायचा.

तर इनासला उघड्या शरीराचं चित्र काढायचं होतं. जिम केलेली पोरं नकोत म्हणे. ज्याचं आता उतरायला लागलंय असं शरीर हवं. एवढं सांगून तो माझ्याकडे बघत राहिला. मी आधी हसलो, मग चिडलो, मग का कोण जाणे, हो म्हणालो. बहुधा दोन तास नुसतं बसायला मिळेल या लालचीने. शुक्रवार माझी सुट्टी. अट एकच घातली — समोरून नाही. पाठमोरा बसेन, भिंतीकडे तोंड करून.

वर्षाला सांगितलं, इनास माझ्या चेहऱ्याचं चित्र काढतोय. पहिल्या शुक्रवारी ती काही बोलली नाही. दुसऱ्या शुक्रवारी तिने पिशवीत डोकावून विचारलं की चेहऱ्याला टॉवेल कशाला लागतो.

कपडे काढून स्टुलावर बसणं हा काय प्रकार आहे ते बसल्याशिवाय कळत नाही. पहिली दहा मिनिटं पोट आत घेतलं. मग लक्षात आलं की पोट त्याला दिसतच नाहीये, तेव्हा सोडून दिलं. त्यानंतर मात्र विचित्र वाटायला लागलं. मागे एक माणूस आपल्याला बघतोय, आणि तो जे बघतोय ते आपण जन्मात कधी पाहिलेलं नाही. स्वतःची पाठ कुठे दिसते माणसाला? मला एकदम म्हातारं झाल्यासारखं वाटलं. थंडीही वाजत होती. इनास एक अक्षर बोलत नव्हता. एरवी शाळेपासून त्याची टकळी बंद कशी ती होत नाही.

चौथ्या शुक्रवारी तो म्हणाला, झालं, बघ. मी टॉवेल गुंडाळून वळलो.

चित्र माझ्या उंचीचं होतं. निळसर हिरवी पाठ, तिच्यावर ब्रशच्या मागच्या टोकाने ओरखडून काढलेल्या बरगड्या. कातडं ओल्या कागदासारखं लोंबणारं. मणके एकेक मोजावेत असे. माझ्या पाठीवर एवढं मांस आहे की मणके सापडायला डॉक्टरला बोटं रुतवावी लागतात. मी म्हणणार होतो की बाबा रे, एवढा तरी उतरवू नकोस. पण उजव्या खांद्याकडे नजर गेली. खांद्यावर एक टेंगूळ होतं. वर्षानुवर्षं केळीचे घड वाहून वाडीवाल्यांना जे होतं ते. मी आयुष्यात घड वाहिलेला नाही. ते बाबांच्या खांद्यावर आहे.

खाली कंबरेभोवती तपकिरी पट्टा होता, डाव्या बाजूला त्याची गाठ. दोन्ही टोकं वर काढलेली, एक लांब, एक आखूड. बाबा वेल बांधताना हीच गाठ मारतात, म्हणजे लांब टोक ओढलं की एका हाताने सुटते. आणि पट्ट्याखाली, माकडहाडावर, एक डाग. कडेला पिवळा, मग लाल, आणि मध्ये रुपयाएवढा काळा.

हे काय काढलंस, म्हणून विचारलं. इनास माझ्याकडे बघायचं टाळत होता.

"पहिल्या दिवसापासून दिसतंय ते मला," तो म्हणाला. "वाटलं, तुला काहीतरी झालंय आणि तू तो पट्टा बांधलायस. तूच सांगशील म्हणून थांबलो. असं कसं विचारायचं रे कुणाला?"

चार शुक्रवार तो माझी मर्यादा राखून गप्प बसला होता. मी टॉवेल खाली घेतला आणि त्याच्याकडे पाठ केली. मग त्याचा हात लागला, गार, कंबरेच्या जरा खाली. त्याने मोबाईलवर फोटो काढून मला दाखवला. छप्पन्न वर्षांची, गुबगुबीत, निव्वळ निकामी पाठ. पट्टा नाही, डाग नाही. इनास स्टुलावर बसला. तो चर्चला नेमाने जाणारा माणूस आहे, पण त्याने क्रूसाची खूणही केली नाही. नुसता ब्रश पुसत राहिला.

मी कपडे चढवले आणि निघालो. भुईगाव ते आचोळे स्कूटर कशी चालवली ते आठवत नाही. घरी साडेबारा झाले होते. वर्षा कामावर. बाबा खुर्चीत.

मी म्हटलं, बाबा, पाठ बघू. ते म्हणाले, मला काही झालेलं नाही. (आम्ही घरात आमच्या बोलीत बोलतो, इथे सगळ्यांना कळावं म्हणून सरळ करून लिहितोय.) मी पुन्हा म्हटलं. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. मी जरा आवाज चढवला, तर त्यांनी तोंड फिरवलं. मग गॅलरीबाहेर बघतच बोलले.

"तुझ्या आईला शेवटी सगळ्यांनी पाहिलं. येईल तो चादर वर करायचा. माझं कुणी बघायचं नाही."

मी तिथेच होतो तेव्हा, आईच्या पायाशी. मला ते चादर वर करणं दिसलंच नव्हतं. मी बिलाचे कागद धरून उभा असायचो.

जे डोक्यात होतं तेच तोंडातून बाहेर पडलं. म्हटलं, बाबा, मी महिनाभर दर शुक्रवारी इनासपुढे कपडे काढून बसतोय.

बाबांनी मान वळवली. "सगळे?"

"सगळे."

"इनासपुढे?"

"चित्र काढतो तो. पाठमोरं."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, बाजारात घड बघतात तसं. "त्याला दुसरं कुणी मिळालं नाही?" म्हणाले, आणि हसायला लागले. हसता हसता खोकला आला. मी पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर ते खुर्चीचे हात धरून उठले आणि बाथरूमकडे निघाले. दाराशी थांबून म्हणाले, तू आधी.

म्हणून मी आधी. आमच्या चार बाय सहाच्या बाथरूममध्ये छप्पन्न वर्षांचा मुलगा आणि शहाऐंशी वर्षांचा बाप, दोघे उघडे, आणि गीझर चालू. मग त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. कंबरेला सोपटाचा पट्टा होता. डाव्या बाजूला गाठ, एक टोक लांब, एक आखूड. त्यांनी स्वतःच लांब टोक ओढलं. पट्ट्याखाली तुळशीची आणि विड्याची पानं ठेवली होती, तेल-हळदीत माखलेली. पानं निघाली तसा तो वास आला, ज्याच्यावर मी मोगरा मारत होतो. कडेला हळदीचा पिवळा, मग लाल, मध्ये काळा. रुपयाएवढा.

इनासने त्यांना दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. मी पाहिलं नव्हतं. बाबांनीही पाहिलं नव्हतं, त्यांना नुसतं हाताला लागत होतं.

डॉक्टर म्हणाले, बसून बसून होतं हे, आणखी आठ-दहा दिवस गेले असते तर हाडापर्यंत गेलं असतं. या वयात मग काही हातात राहत नाही. तीन महिने ड्रेसिंग चाललं. दवाखान्यात ठेवायचं नाही, ड्रेसिंग मी एकट्याने करायचं आणि वर्षाने त्या वेळी खोलीत यायचं नाही, या बाबांच्या अटी. जखम हळूहळू भरत आली. वर्षाला सगळं सांगितलं तेव्हा चित्राचा भाग ऐकून ती एवढंच म्हणाली की निदान घरी आल्यावर तो टॉवेल तरी धुवायला टाकायचास.

उन्हाळ्यात इनासचा फोन आला. वसईत कुठेतरी प्रदर्शन होतं, त्याला ते चित्र पाठवायचं होतं, पण विचारल्याशिवाय नको वाटत होतं. मी म्हटलं, पाठ माझी नाही, ज्यांची आहे त्यांना विचार. बाबांना रिक्षाने भुईगावला नेलं. घाबरलो होतो. कुणी बघायचं नाही म्हणणारा माणूस, आणि आपण त्यांना भिंतीएवढं करून ठेवलेलं.

इनासने त्यांना खुर्ची दिली, वर उशी ठेवली. बाबा चित्राकडे बघत बसले. आम्ही दोघं दाराशी, वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारखे. मग ते म्हणाले, "हा मी नाही. माझा बाप आहे हा."

आजोबा माझ्या जन्माआधी गेले. त्यांचा एकच फोटो आहे, टोपी आणि कोट घातलेला, समोरून. इनासने तो कधी पाहिलेला नाही, आणि पाहिला असता तरी त्यात पाठ कुठून दिसणार?

"शेवटी असाच झाला होता," बाबा म्हणाले. "हळद, पानं, सगळं मीच करायचो. सोडायचं, धुवायचं, परत बांधायचं. रोज." मग स्वतःच, "रोज नाही. कंटाळा यायचा. वाडीची कामं असायची. कधी दोन-दोन दिवस जायचे. तो काही बोलायचा नाही."

इनास हळूच बाहेर निघून गेला. बाबांनी चित्रावरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं.

"तुलाही येतो कंटाळा. मला कळतं."

मी म्हणायला लागलो की नाही हो बाबा, कंटाळा कसला... त्यांनी हाताने थांबवलं.

"कंटाळा येऊ दे. तू ये."

चित्र प्रदर्शनात गेलं नाही. बाबांनी नको म्हटलं नव्हतं, इनासलाच पाठवावंसं वाटेना. तो म्हणतो, लहानपणी आमच्या वाडीत येता-जाता बाबांचा खांदा पाहिला असेल, गाठ पाहिली असेल, तेच हातातून उतरलं असेल. असेल. पण मग हळद? तो काळा रुपया? आणि त्याला माझ्या अंगावर पट्टा दिसत होता, महिनाभर, सकाळच्या उजेडात, त्याचं काय? यावर तो ब्रश पुसायला घेतो. तुमच्यापैकी कुणाला काही सुचत असेल तर जरूर लिहा, मला सुचेनासं झालंय आणि आता फारसा विचारही करत नाही. कामणला आठला पोचायचं असतं, म्हणून साडेसहाला बाबांच्या आंघोळीचं पाणी काढतो. आतून कडी नसते. कंटाळा येतोच.