रेघांचा पहिलवान

आमच्या तंबू सिनेमातले दोघे जण कुठे भेटले की समोरचा चहा गार झालाच म्हणून समजा. एकाचा किस्सा संपायच्या आत दुसऱ्याला चार आठवतात. निम्मे पडद्यावरचे असतात, निम्मे पडद्यासमोरचे. समोरचेच जास्त रंगतात!

मालक दगाभाऊ, मशीनवर हुसेनचाचा आणि पडद्याशेजारी भोंगा घेऊन उभा मी. जगात मोठ्या लढाईचे दिवस होते. मुख्य चित्राआधी आम्ही एक छोटं रीळ लावायचो, हाताने काढलेल्या चित्रांचं. त्यात एक पहिलवान होता. उडायचा, आगगाडीचं इंजिन उचलायचा आणि बोलायचा फक्त इंग्रजी! ते लोकांना अहिराणीत सांगायचं काम माझं. इंग्रजी मला ओ की ठो येत नव्हतं; चित्र बघून सुचेल ते बोलायचो. पण त्या रेघांच्या माणसाएवढा गुणी मुलगा, नवरा आणि शेजारी मी हाडामांसाच्या माणसांतही क्वचितच पाहिला.

पहिला खेळ सारंगखेड्याच्या जत्रेत. गावावर संकट येतं, पहिलवान भरल्या ताटावरून उठतो आणि खिडकीतून उडतो. घरात म्हातारी आई तशीच बसलेली.

पुढे बसलेली एक आजी ओरडली, "आरे, मायले सांगीसन त जाय!"

तंबूभर तेच सुरू झालं. मी घाबरून भोंग्यात बोललो, "माय वं, मी जास! लवकर येस!"

लोक शांत. आजी खूश. खेळ संपल्यावर दगाभाऊंनी मला धरलं. "काय रे, तो तर इंग्रजी बोलतो ना?"

मी म्हटलं, "गावाशी बोलतो. मायशी अहिराणीच!"

तेव्हापासून तो प्रत्येक खेळात सांगूनच उडाला.

*

ही गोष्ट पंचक्रोशीत पसरली. एक दिवस एक खराखुरा पहिलवान तंबूच्या दारात शड्डू ठोकून उभा. "काढा त्याले बाहेर! व्हई जाऊ दे कुस्ती!"

तो चित्रातला आहे, हे याला सांगणार कोण? दगाभाऊ मोठे धोरणी. म्हणाले, "पहिलवान, तो मायले इचारल्याबिगर लढत नही."

गडी विचारात पडला. "मंग मी बी इचारीसन येस," म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी आला तो मान खाली घालून. तिकीट काढलं आणि गुपचूप पुढे बसला. दगाभाऊंनी विचारलं, "काय झालं?"

"माय नही म्हणनी!"

*

रिळात पहिलवान गाव वाचवून घरी येतो, बायको दमलेली बघतो आणि बाह्या सरसावून भांडी घासायला बसतो. पुरुषांच्या बाजूला हशा पिकायचा. मधल्या कापडी कनातीपलीकडे बायका मात्र चिडीचूप.

एका गावात कनातीमागून आवाज आला, "ते परत दाखव!"

चाचा म्हणाले, "बाई, मशीन उलटं चालत नाही. आणि तुम्ही आत्ताच तर पाहिलंत!"

"आम्हले नको दाखवू. आम्ही रोजच घासतस. तिकडला माणसेस्ले दाखव!"

चाचांनी मुकाट्याने रीळ पहिल्यापासून लावलं. या वेळी कोणी हसलं नाही.

*

शहाद्याजवळच्या एका गावात बापलेकांनी चूल वेगळी केली होती. एका वाड्यात राहायचे, पण बोलणं बंद. खेळाला आले तेही तंबूच्या दोन टोकांना बसले.

रिळात म्हातारा बाप दारात येतो. इंजिन उचलणारा पहिलवान गुडघ्यावर बसतो आणि त्याच्या बुटाची नाडी बांधतो. तिथे मी काही बोलायचोच नाही. गरजच नसायची.

खेळ सुटला. दाराशी जोड्यांचा ढीग. म्हातारा वाकून आपला जोडा शोधतोय, मुलगा मागे नुसता उभा. म्हातारा न वळताच म्हणाला,

"इंजिन नही ते नही, जोडा तरी उचल!"

मुलाने जोडा उचलला, पुसला आणि बापाच्या पायाशी ठेवला. घरी दोघे एकाच बैलगाडीतून गेले.

*

आणि हा किस्सा सारंगखेड्याचाच, पुढल्या जत्रेतला.

रिळाच्या शेवटी पूल कोसळतो. पहिलवान दोन्ही हातांनी पूल पेलून धरतो, आणि वरून एक चिमुरडी पडते. ती खाली येईपर्यंत तो पूल डोक्यावर तोलतो आणि हात मोकळे करून तिला झेलतो. त्या दिवशी पोरगी हवेत असतानाच फिल्म जळून तुटली! पडदा पांढराफटक. चाचा दिवा लावून फिल्म जोडायला बसले.

मोलगीकडच्या डोंगरातून जत्रेला उतरलेली एक बाई उठली. पडद्याखाली गेली आणि दोन्ही हातांनी पदर पसरून उभी राहिली.

दगाभाऊ म्हणाले, "बाई, बठ. तठे काहीच नही शे."

तिला अहिराणी येत नव्हती. तिचा नवरा मोडकंतोडकं बोलायचा. तो म्हणाला, "ती म्हणस, त्याना दोन्ही हात पूलले लागेल शेत. पोरले कोन झेली?"

कनातीपलीकडून गावातल्या दोघी आल्या आणि तिच्या पदराची टोकं धरून उभ्या राहिल्या.

चाचांनी जळलेला तुकडा कापून टाकला, टोकं जोडली, मशीन सुरू केलं. पोरगी हवेत दिसली आणि लगेच जमिनीवर उभी, हसत! पहिलवानाचे हात अजून पुलालाच! झेलल्याचा तुकडाच जळून गेला होता.

सगळा तंबू त्या बाईकडे बघत राहिला.

तिने पदर झटकला, डोक्यावर घेतला आणि जागेवर जाऊन बसली.