पाळीवरचा दगड

फाल्गुनातल्या त्या सकाळी तलावावर धुक्याचा विरळ पदर रेंगाळत होता, रानातून मोहफुलांचा गोडसर, किंचित आंबूस दरवळ येत होता, आणि जुरीबाईने आपल्या गावाहून टेम्पोत घालून आणलेला उभट, काळसर दगड तलावाच्या बांधावर, पाळीवर, आडवा पडून होता.

एटापल्लीच्या बाजारात माझी आई सुकी मासोळी विकायची, तिच्या शेजारी ही जुरीबाई, माडिया आदिवासी बाई, मोहफुलं नि डिंक घेऊन बसायची. एकमेकींची भाषा अर्धीमुर्धी कळूनही त्यांचं मैत्र वर्षानुवर्षं अभंग राहिलं. दिवाळीनंतर आई तापाने गेली. आम्ही मासेमार ढिवरांच्या रीतीने तेरवी केली, अस्थी वैनगंगेत सोडल्या. पण ज्या पाण्यात ती जन्मभर छातीपर्यंत उतरून जाळं ओढत राहिली, त्याच्या काठी तिची खूण म्हणून काहीच उरलं नाही. पुढे भेटायला आलेल्या जुरीबाईने अंगणभर नजर फिरवून विचारलं होतं, "आमच्याकडं मेलेल्या मानसाचा गोटा उभा करते, बाई असो का बाप्या. माह्या सोबतिणीचा कुठी आहे?" म्हणून त्या सकाळी हा दगड.

मी खड्डा खणू लागले तसे बाबांचे थोरले भाऊ, समाजाचे पुढारी, तरातरा आले.

"आपल्यात गोटा नाई मांडत, पोरी. अन् बाईचा तं नाईच. समाज काय म्हणन?"

"समाजानं माह्या मायनं धरलेले मासे खाल्ले, मोठेबाबा. तवा नाई विचारलं, बाईनं काऊन धरले म्हणून."

त्यांनी कुदळीच्या दांड्याला हात घातला. मी सोडली नाही. ते खेचत राहिले, मी रोवून उभी राहिले. तेव्हा, पाळीवर एका बाजूला बसलेले, आई गेल्यापासून जवळजवळ मुके झालेले माझे बाबा उठले आणि त्या अर्धवट खड्ड्यात पाय रोवून उभे राहिले. थोरल्या भावासमोर बायकोचं नाव घेण्याची आमच्या घरात पद्धत नव्हती; साऱ्या संसारात त्यांनी तिला 'पोरीची माय' एवढंच म्हटलेलं.

"हा यशोदाचा गोटा आहे, दादा," ते म्हणाले. "काढाचा असन तं पयले मले काढा."

मोठेबाबांचा हात आपसूक सुटला.

बाबा, जुरीबाई नि मी, आम्ही तिघांनी दगड उभा केला. जुरीबाईने त्याच्या पायथ्याशी तांदूळ नि मोहफुलं ठेवली आणि आपल्या भाषेत ती बराच वेळ त्याच्याशी बोलत राहिली, बाजारात शेजारी बसून बोलावं तशी, मध्येच हसलीसुद्धा.

मोठेबाबा अजूनही त्या पाळीवरून जाताना तोंड फिरवतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. दगड जवळ आला की नेमकं तिथेच त्यांना मान वळवावी लागते. आणि दूरवरून पाहणाऱ्या मला वाटतं, आमच्या घरात आईची इतकी अचूक आठवण ठेवणारं माणूस दुसरं नसेल.