वाफ्याशेजारचे दगड

काकी कठड्यापाशी उभी राहिली, खाली हाक मारायला तोंड उघडलं आणि तशीच बसली. मला वाटलं, तोल गेला. मग खांद्याखाली तिची चोळी लाल होताना दिसली. गोळी कुठून आली, कुणासाठी होती, मला आजही ठाऊक नाही.

गच्चीच्या दाराला जिन्याकडून कुलूप होतं. ते आमच्याच मूर्खपणाने लागलं होतं.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. लालबागेत आज मोर्चा, उद्या संचारबंदी. काकी आमच्या शेजारच्या खोलीतली, मालवणकडची विधवा. चाळीच्या गच्चीवर तिने आणि मी वाफा केला होता. फुटक्या खोक्याच्या चार फळ्या ठोकून चौकट केली, तळाला नारळाच्या शेंड्या घातल्या, त्यावर वाळका पाला, मग खत, मग माती. खत भोकं पाडलेल्या तेलाच्या डब्यात मुरायचं. भाजीची देठं, चुलीची राख, माशांची खवलं, सगळं त्यात. मला हात घालायला किळस यायची.

"घाल गो हात. चावता काय तुका?" काकी म्हणायची.

माती एका पाडलेल्या घराच्या जागेवरून घमेल्याने आणली होती. चाळताना मुठीएवढे दगड निघत. ते आम्ही वाफ्याशेजारी टाकत गेलो. चांगला गुडघाभर ढीग झाला होता.

घरमालकाच्या माणसाला वाफा खुपत होता. पाणी मुरून छत गळेल म्हणायचा. पुन्हा दिसलात तर सगळं खाली फेकीन, असं त्याने बजावलं होतं. त्या दुपारी गच्च्यांवरून दगड येतात म्हणून पोलिसांनी सगळ्या गच्च्या बंद करायला लावल्या. तो वर आला आणि दारातूनच ओरडला, "कोण आहे काय वर?"

काकीने माझा पदर धरून मला वाफ्यामागे ओढलं. "गप रव. तो गेलो की उठाया."

तो गेला. कुलूप लावून गेला. आम्ही आधी हसलो.

मग रस्त्यावर गोळीबार सुरू झाला. माझी तीन महिन्यांची मुलगी खाली खोलीत झोळीत एकटी होती. नवरा गिरणीत. ती रडायला लागली ते वर ऐकू येत होतं. मी उठणार होते. काकीने मला खाली दाबलं. "तू लेकुरवाळी. मी हाक मारतंय," म्हणाली आणि उठली.

ती पडल्यावर मी दारावर धडका द्यायला हव्या होत्या. दिल्या नाहीत. माझी नजर ढिगाकडे गेली. पोलीस वर आले, एवढे दगड दिसले, तर आम्हीच फेकत होतो म्हणून धरून नेतील आणि पोर तशीच राहील. मी काकीच्या खांद्यावर पदराचा बोळा दाबला, तिचाच हात त्यावर ठेवला आणि पोटावर सरकत एकेक दगड वाफ्यात पुरू लागले.

"काय करतंस?"

"दगड लपवते."

"शाणी गो बाय. मिरची उपटू नको हां."

अर्धे दगड झाले असतील, तेव्हा खालचं रडं थांबलं. ते थांबल्यावर मला जास्त भीती वाटली. तरी मी उरलेले पुरले. काकी आता बोलत नव्हती. मग मी दाराशी गेले आणि दोन्ही हातांनी बडवलं.

बऱ्याच वेळाने कुलूप निघालं. मालकाचा माणूस होता आणि एक हवालदार.

"दगड कोण मारत होतं?" हवालदाराने विचारलं.

"कोणी नाही. भाजीचा वाफा आहे."

त्याने काठी मातीत खुपसली. टक्कन आवाज झाला. त्याने माझे मातीचे हात पाहिले, काकीकडे पाहिलं, काठी काढून घेतली.

"बाई, आधी ओरडायला काय झालं होतं?"

मी काकीपाशी बसून बोळा पुन्हा दाबून धरला. कुलूप आपणच लावलं होतं, हे मालकाचा माणूस सांगू शकला असता, त्यानेही सांगितलं नाही.

काकीला खाटेवर घालून नेलं. हॉस्पिटल येण्याआधीच ती गेली. चाळीतल्या बायका मला म्हणायच्या, तशीही वाचली नसती गं. त्यांना दगडांचं माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही.

मुलगी रडून रडून झोपली होती, एवढंच. ती जगली आणि मी जगले.