तिसरा हेडफोन

मी ऐकून टाईप करायचं काम करत होते. मुलाखती, सभा, भाषणं, जे रेकॉर्डिंग येईल ते कानांत घालायचं आणि शब्दन् शब्द मराठीत उतरवायचा. नवऱ्याची अंबडच्या कारखान्यातली नोकरी सुटलेली, त्यामुळे इंदिरानगरातलं आमचं दोन खोल्यांचं घर माझ्या दोन कानांवर चाललं होतं. वर्षभर व्हिडिओ आले, एक चूक कुणी काढली नाही. मग नुसता आवाज यायला लागला आणि माझं काम बिघडलं. वाक्यांची शेपटं गायब, माणूस बोललाच नाही ते मी लिहिलेलं. काम देणाऱ्या मॅडमनी कळवलं, शुक्रवारपर्यंत एक फाईल बिनचूक द्या, नाहीतर आपण थांबू.

माझे कान खणखणीत आहेत याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. समोरच्याचं मी बाजारातल्या गोंगाटातही ऐकायचे. फोनवर कळलं नाही तर दोष रेंजचा. म्हणजे खोट हेडफोनमध्ये!

एम. जी. रोडवरून पहिला वायरलेस आणला, अख्खा कान झाकणारा. गाणं लावलं की छाती धडधडायची, पण माणूस बोलायला लागला की रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा. शिवाय डोक्याला असा आवळून बसायचा की तासाभरात चष्म्याच्या काड्या कानामागे रुतायच्या. कानातल्या कुड्या काढून ठेवल्या, तरी ठणका राहिलाच. परत केला.

दुसऱ्या हेडफोनच्या गाद्या इतक्या मऊ, की घातल्या घातल्या मी त्याच्या प्रेमात पडले. वजन जाणवायचं नाही. बाहेरचा आवाज बंद करायचं बटण दाबलं की शेजारचा कुकरसुद्धा गप्प. दुकानात आवडीचं गाणं लावून बघितलं होतं, काय सुंदर वाजलं! वाजणारच, गाणं मला पाठ होतं. घरी फाईल लावली तर पुन्हा तेच, नुसती गुणगुण. एप्रिलचा उकाडा, कानांभोवती घामाची धार, आणि एकच वाक्य पंधरा-पंधरा वेळा मागे घेऊन ऐकतेय. शेवटी रडायला आलं. नवरा काही बोलायला आला तर त्याच्यावरच खेकसले. बुधवार उजाडला होता.

गुरुवारी सकाळी दुकान उघडायच्या आधीच पायरीवर जाऊन उभी राहिले. दुकानदार काका साठीचे, शांत. त्यांना बघितल्या बघितल्या माझ्या डोक्यात तिडीक गेली. "काका, लोकांना काय डबडी विकता तुम्ही? माझ्या पोटावर पाय आलाय!"

त्यांनी वाद घातला नाही. सगळ्यात भारीतला एक हेडफोन काढला, माझ्याच फोनवरची फाईल लावली आणि स्वतःच्या डोक्यावर चढवला. मग ऐकत ऐकत एकेक वाक्य मोठ्यानं म्हणून दाखवलं. कुठे अडखळले नाहीत. "आता तुम्ही ऐका, ताई."

मी घातला. गुणगुण.

मी तो काढून ठेवला, ते खोका उचलायला पाठमोरे झाले. वळले तेव्हा त्यांचा चेहरा बदलला होता. "ताई, मी तुम्हाला आत्ता तीनदा हाक मारली. हेडफोन तर तुम्ही कधीच काढून ठेवलाय." मी म्हटलं, तुम्ही पुटपुटता, त्याला मी काय करू? त्यांनी तोच खोका तोंडासमोर धरला. खोक्यामागून आवाज आला. आवाज आला, शब्द एकही आला नाही.



माझं माहेर मालेगावचं. घराला लागूनच यंत्रमागांची शेड, आणि माग चालू असताना तिथे कुणीही ओरडत नाही, कारण उपयोगच नसतो. आम्ही सगळे ओठांवरून बोलायचो. आई शेडच्या त्या टोकाहून शिव्या द्यायची आणि मला या टोकाला एकेक शिवी पोचायची. आमचे पाहुणे वैतागायचे, आम्हाला मौज वाटायची. मला वाटायचं, ऐकणं म्हणजे हेच. त्या खडखडाटानं कान कधी खाल्ले, कळलंच नाही, कारण समोरच्याचं तोंड मला दिसत होतं. व्हिडिओमध्येही दिसत होतं. अरे देवा, मी वर्षभर बघून टाईप केलं होतं!

काकांनी काही न विकता मला पाणी दिलं. रिक्षात बसून मी मॅडमना लिहिलं, माझ्यानं होणार नाही. पाठवलं आणि फोन पर्समध्ये टाकला. पुढचं भाडं, शाळेची फी, सगळं डोळ्यांसमोर नाचत होतं.

घरी सात वर्षांची लेक चित्र काढत बसली होती. तरीही मला मनातून आशा होती, की काकांचं काहीतरी चुकलं असेल. पोटची पोर आहे, तिचा आवाज तरी मला कळेलच. तिला म्हटलं, "माझ्या मागे उभी राहा आणि काहीतरी बोल." भिंतीकडे तोंड करून मी जीव कानांत गोळा केला. बराच वेळ काही नाही. "अगं बोल ना!"

ती पुढे आली, माझ्या तोंडासमोर उभी राहिली.

"मागून तुला कळत नाही, आई."

"तुला कधीपासून माहीत?"

तिनं खांदे उडवले, त्यात काय एवढं, अशा थाटात. "पहिल्यापासून. लाईट गेली की मी बोलतच नाही. तुला हात लावते."