भुऱ्याचा भोपळा

भुऱ्या उपाशी नाही. मागच्या पोस्टमध्ये मी चुकीचं लिहिलेलं.

बाबा गेल्यापासून आमच्या कुत्र्यानं अन्नाला तोंड लावलेलं नाही, असं मी लिहिलं होतं. तुम्ही इतके मेसेज केलेत, म्हणून ही दुरुस्ती.

आम्ही दिलेलं तो खात नाही. एवढंच खरं आहे.

आज बाबांना जाऊन महिना झाला. काल भुऱ्याला डॉक्टरांकडे नेलं. वजन होतं तेवढंच.

"छान खातोय की," डॉक्टर मॅडम म्हणाल्या.

मी वॉचमनना विचारलं. शेजारच्या काकूंना विचारलं. कोणीच काही घालत नाही.

ज्यांना बाबा माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. भुऱ्या वर्तकनगरच्या आमच्या बिल्डिंगखाली सापडलेला. पोट कायम बिघडलेलं. नेहमीच्या खाण्यात थोडा उकडलेला लाल भोपळा घाला, असं डॉक्टर म्हणाल्या आणि रिटायर झालेल्या बाबांना कामच मिळालं.

मग गाजर आलं, फरसबी आली, उकडलेलं अंडं आलं. सगळं मॅडमना विचारून. मीठ नाही, कांदा-लसूण तर नाहीच. आमच्या भाजीला फोडणी पडायच्या आधी त्याचा वाटा बाजूला.

"मला कधी विचारलंत का हो, गाजर उकडून हवंय का?" आई म्हणायची.

"तू भांडून घेतेस. तो बिचारा कसा मागणार?"

भोपळा मात्र अख्खाच आणायचे, जांभळी नाक्यावरून. कापलेल्या फोडीवर माश्या बसतात म्हणून. आधी सालीवर नख रोवून बघायचे.

शाळेत जायच्या आधी मला अक्षरं त्यांनीच शिकवली, स्वयंपाकघरातल्या ओट्याशी, भाजी निवडताना. भ भटजीचा मला शाळेत कळला. घरी भ भोपळ्याचा होता.

त्यांनी आणलेला शेवटचा भोपळा अजून ओट्यावर आहे. अख्खा.

आमच्याकडे अख्खा भोपळा बाई फोडत नाही. घरातल्या पुरुषानं पहिली सुरी लावायची, मग बाईनं चिरायचा. भोपळा म्हणजे घरातला थोरला मुलगा, असं आई म्हणते.

आमच्या घरात मुलगा नाही. मी एकटीच.

"समोरच्या काकांना बोलवू का?" मी विचारलं.

"परक्याचा हात कशाला?" आई म्हणाली. "हे असताना?"

ती चुकून बोलली असेल. मी विचारलं नाही.

मी बाजारातून कापलेली फोड आणली. उकडली, कुस्करली, भुऱ्याच्या भांड्यात घातली. त्यानं वास घेतला आणि परत ओट्याकडे तोंड करून बसला.

संध्याकाळी, बाबा त्याला भरवायचे त्या वेळेला, तो रोज तसाच बसतो. मान वर. जिथे बाबांचा चेहरा असायचा, बरोबर तिथे बघत. शेपूट हलते. पंजा उचलतो. मग त्याचं तोंड हलायला लागतं.

तो चावतो. गिळतो. मिशा चाटतो.

समोर काही नसतं.

"खातोय ना? मग झालं," आई म्हणते आणि गॅस पुसायला लागते.

अख्खा भोपळा महिनाभर टिकतो, त्यात नवल नाही. वजनाचंही काही कारण असेल. भोपळ्यावर नखाची एक चंद्रकोर होती असं मला वाटत होतं. काल दोन दिसल्या. आई म्हणते, पहिल्यापासून दोनच होत्या. मी शपथेवर सांगू शकत नाही, म्हणून तेही इथे लिहिते.

मला भीती त्याची नाही.

बिल्डिंगमधली पोरं विचारायची, "काका, हा तुमच्याच मागे मागे का फिरतो?" बाबा हसून सांगायचे, "कुत्रं ज्याच्या हातचं खातं ना, त्याच्याच मागे जातं."

आज दुपारी दार उघडं राहिलं. भुऱ्या उंबऱ्यावर उभा होता. जिन्याकडे बघत, शेपूट हलवत. मी हाक मारली. त्यानं मागे पाहिलं नाही. पट्टा धरून आत ओढावं लागलं.

मघाशी आईला सांगितलं, "भोपळा मी फोडणार."

तिनं भोपळ्यावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाली, "मोठी सुरी घे. साल जाड असते."

बाबा, तुम्ही त्याला एवढे दिवस सांभाळलंत. आता माझ्या हातचं खाऊ दे त्याला. ओट्याशी उभे असाल, तर थोडं सरका.

पहिली सुरी मी लावणार आहे. येत्या रविवारी, सकाळचा चहा झाला की.